आगोटीचं खारं, आबांचं बीपी आणि डोंबिवलीहून आलेल्या कॅप्सूल

आचऱ्याची सून
२२ जून, रात्री १०.४०

नमस्कार. मालवण तालुक्यात आचऱ्याजवळ आमचं घर. सासरे, सासूबाई, आम्ही दोघं आणि दहावीतला मुलगा अशी पाच माणसं. चूल माझ्याकडे. प्रश्न लांबलचक आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून सगळं लिहिते.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. वय ७१. एसटीत ३२ वर्षं ड्रायव्हर होते, आता बागेचं बघतात. मे महिन्याच्या शेवटी कलमांखाली आंबे वेचताना त्यांना घेरी आली आणि तिथेच झाडाला टेकून बसले. कुडाळला नेलं. बीपी १७०/१००. रक्त तपासलं तर ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) २९०, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) १.४. बीपीची टेल्मिसार्टन गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितलं की मीठ कमी, खोबरं कमी, तळलेलं बंद. मी बाहेर येऊन गाडीत बसले आणि विचार करत राहिले की मीठ, खोबरं आणि तळलेला मासा वगळला तर आमच्या घरात शिजतं काय?

त्यात वेळ अशी की आगोट भरून झालेली. पावसाळ्याची बेगमी आमच्याकडे मेच्या पंधरवड्यातच होते. खारवलेले बांगडे दोन डबे, सुका जवळा, बोंबील, गोलमो, आगळाच्या म्हणजे कोकमाच्या रसाच्या सहा बाटल्या, आमसुलं, कैरीचं लोणचं, मिठातल्या कैऱ्या, कुळथाचं पीठ, पोह्याचे पापड. जून आणि जुलै समुद्र बंद. खाडीत कोणी पाग टाकला तर चार मासे मिळतात, नाहीतर सगळी भिस्त या डब्यांवर.

मी त्या दिवसापासून कढीतलं मीठ निम्म्यावर आणलं. आबांनी पहिल्या दिवशी एक घास घेतला, ताट पुढे सरकवलं आणि म्हणाले, "नुस्त्याच्या कढीत मीठ नाय तर ती कढी कसली?" (नुस्तं म्हणजे मासा.) रागावून नाही बोलले, आणि तेच मला जास्त लागलं. ज्या माणसाने माझ्या हातच्या कढीला सोळा वर्षांत नाव ठेवलं नाही, तो आता दुपारी दोन घास खाऊन उठतो. मग रात्री उकड्या तांदळाची पेज आणि निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा मागतो. तेवढंच त्यांच्या पोटात जातं, म्हणून मला नाही म्हणवत नाही. पण मनात येतं की दुपारी मी काढलेलं मीठ रात्री ते परत घेतायत.

आता दुसरी गोष्ट. वन्सं डोंबिवलीला असतात. बाबांना बरं नाही कळल्यावर त्यांनी एसटीच्या पार्सलने खोकं पाठवलं. त्यात फिश ऑइलच्या कॅप्सूल, 'लो सोडियम' मिठाची दोन पाकिटं आणि माझं वजन वाढलंय म्हणून माझ्यासाठी गार्सिनियाच्या गोळ्यांची बाटली. फोनवर म्हणाल्या, "अगं, कोकमच ते. आपल्या गावचंच." वन्संचा जीव आहे आबांवर, त्यात वाद नाही. मीठ मी उघडलं, दहा दिवस झाले. त्याची चव किंचित कडवट लागते, पण कढीत खपून जाते. कॅप्सूल आणि गार्सिनिया अजून बंद आहेत.

मला विचारायचंय ते हे. ज्या घरात ऑगस्ट ते मे आठवड्याला तीन-चारदा बांगडा, तारली, पेडवे होतात, तिथे माशाच्या तेलाची गोळी कशाला लागावी? की पावसाच्या दोन महिन्यांपुरती घ्यावी? लो सोडियम मीठ हवं तितकं वापरलं तर चालतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मीठ कमी करूनही आबा जेवतील अशी कढी कशी करू? बीपीची पथ्यं सांगणारे व्हिडिओ बघितले, त्यात ओट्स आणि ब्रोकोली असते. माझ्याकडे कुळीथ आणि जवळा आहे.


दांड्यावरची
२३ जून, सकाळी ६.१५

बाय, तुझ्या आबांचा काय्येक चुकलेला नाय. पावसात खाऱ्याशिवाय पेज गळ्याखाली उतराची नाय.

पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहिते. आमचं घर मासेमारीचं. नवरा रापणीला जायचा, मी तीस वर्षं मासे विकले आणि खारवले. सुकं आणि खारं यांत लोक गल्लत करतात, तू पण एकाच दमात दोन्ही लिहिलंस. जवळा, गोलमो, बोंबील हे नुसत्या उन्हात सुकतात, त्यांना मीठ लावायची गरज नसते. मासा पातळ, पाणी लगेच उडून जातं. बांगडा, सुरमई, मोरी यांचं मांस जाड. त्यांना मीठ लावलं नाही तर वाळायच्या आधी कुजतील. बांगडा पाठीतून फाडायचा, आतडी काढायची, खडेमीठ भरायचं आणि थरावर थर लावून ठेवायचं. मिठाने पाणी सुटतं, मीठ आत शिरतं, मग ऊन. तीन-चार किलो माशाला किलोभर मीठ जातं. आता तूच बघ, आबांच्या पेजेबरोबरचा अर्धा बांगडा म्हणजे किती मीठ.

तर पहिली गोष्ट, खारा बांगडा निखाऱ्यावर थेट भाजू नकोस. थेट भाजला की मीठ आहे तेवढं सगळं आतच. आधी चार तुकडे कर, कोमट पाण्यात अर्धा तास ठेव, पाणी फेक. असं तीनदा. तिसरं पाणी जिभेला लावून बघ, खारट लागलं तर चौथ्यांदा. मग फडक्याने टिपून तव्यावर भाज. वास तोच येतो, आणि आबांना वासच हवा असतो, माझं ऐक. तरी तो खाराच राहणार. दोन बोटांचा तुकडा, तोही रोज नको.

रोजच्याला जवळा घे. बाजारचा असेल तर चिमूटभर तोंडात टाकून बघ, कधीकधी ढगाळ दिवसात सुकवलेल्याला मीठ मारलेलं असतं. चाळून रेती काढ, कोरडा भाज, कांदा, ओलं खोबरं थोडं, हिरवी मिरची, वर कैरीचा कीस. कैरी ताजी, मिठातली नव्हे. त्यात मीठ घालूच नकोस, घरातल्या कोणालाच कळणार नाही. जवळ्याला स्वतःची चव आहे.


जुना औषधवाला, रत्नागिरी
२३ जून, दुपारी ३.०५

ताई, आधी सगळ्यात तातडीचं सांगतो. ते लो सोडियम मीठ आज संध्याकाळपासून थांबवा आणि डॉक्टरांना फोन करून ते दहा दिवस वापरलंय हे सांगा. घाबरवत नाही, पण कारण समजून घ्या.

मी डॉक्टर नाही. ३५ वर्षं औषधाचं दुकान चालवलं, आता मुलगा बसतो. त्या मिठात सोडियम क्लोराईडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. तुम्हाला लागलेली कडवट चव त्याचीच. धडधाकट मूत्रपिंडाच्या माणसाला ते उपयोगी आहे. चीनमध्ये ६०० खेड्यांत जवळजवळ २१ हजार लोकांवर मोठा प्रयोग झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. चतुर्थांश पोटॅशियम असलेलं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघात कमी झाले. पण मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना त्यातून वगळलं होतं. आबांचं क्रिएटिनिन १.४ आहे, म्हणजे मूत्रपिंड थोडं थकलेलं असू शकतं. टेल्मिसार्टन ही गोळीच अशी की ती शरीरातलं पोटॅशियम बाहेर जाऊ देण्यात हात आखडता घेते. त्यावर हे मीठ. आणि तुम्ही लिहिलं नाहीत, पण आचऱ्याला स्वतःची बाग असलेला माणूस रोज शहाळं पीत असेल असा माझा अंदाज आहे. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर. रक्तातलं पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि आधी फारशी सूचनाही मिळत नाही. साधी रक्ततपासणी आहे, सोडियम-पोटॅशियम-क्रिएटिनिन. या आठवड्यात करून घ्या. बीपीची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आता कॅप्सूल. बाटलीवर पुढे १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असेल. ते तेलाचं वजन. मागे बारीक अक्षरात ईपीए आणि डीएचए शोधा, ही माशाच्या तेलातली कामाची ओमेगा-३ आम्लं, साध्या कॅप्सूलमध्ये ते १८० आणि १२० असतं, म्हणजे कामाचं ३०० मिलिग्रॅम. हंगामातल्या चार तारल्या एका जेवणात खाल्ल्या तर त्याच्या कितीतरी पट मिळतं. पावसाळ्यानंतर तारली चरबीने भरलेली असते, तव्यावर टाकली की तेल तिचं तिलाच सुटतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. २०१८ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, २५,८७१ माणसं, सुमारे पाच वर्षं. रोजच्या कॅप्सूलमध्ये ८४० मिलिग्रॅम ओमेगा-३, तुमच्या बाटलीतल्यापेक्षा जास्त. हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांतले मृत्यू एकत्र मोजले तर लक्षणीय घट दिसली नाही. त्याच वर्षी दुसरा अभ्यास आला, त्यात वाढलेल्या ट्रायग्लिसराईडच्या, आधीच स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) घेणाऱ्या लोकांना शुद्ध ईपीए रोज ४ ग्रॅम दिलं. तिथे फायदा दिसला, पण हृदयाची लय बिघडून दाखल होणारे आणि रक्तस्राव होणारे थोडे वाढले. म्हणजे ते औषध आहे, डॉक्टरांनी मोजून द्यायचं. भेट म्हणून आलेल्या बाटलीचं ते काम नव्हे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तर विचारल्याशिवाय नाहीच. आणि दोन महिने समुद्र बंद राहिला म्हणून शरीर लगेच रिकामं होत नाही. आठवड्यातून दोनदा मासा हा हिशोब वर्षाचा धरा.

ट्रायग्लिसराईडबद्दल एक विचारतो. तपासणी मेच्या शेवटी झाली. त्या दिवसांत आबा रोज किती आंबे खात होते? आमरस, फणसाचे गरे, साखर घातलेलं कोकम सरबत? आणि संध्याकाळी थोडी घेतात का? ट्रायग्लिसराईड वाढवण्यात गोडाचा आणि दारूचा हात माशाच्या तेलाच्या अभावापेक्षा मोठा असतो. आंबे संपल्यावर, उपाशीपोटी पुन्हा तपासा.

तुमच्या गार्सिनियाबद्दल. कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. त्या बाटलीत बहुतेक केरळकडची कुडमपुळी असते, ती कोकमाची चुलत बहीण म्हणा. दोन्हींत हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल असतं, पण सारात चार आमसुलं घालणं वेगळं आणि त्याचा अर्क काढून गोळीत ठासून भरणं वेगळं. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, काही रुग्णांवर यकृत बदलायची वेळ आली. वजन त्याने म्हणावं तसं उतरतही नाही. बाटली फोडू नका.

आणि उकड्या तांदळाची पेज चालू ठेवा. कोणी ब्राऊन राईस आणायला सांगेल, सांगू द्या. भात सालासकट भिजवून उकडला की कोंड्यातलं बी-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरतं, मग सडून कोंडा काढला तरी बरंचसं राहतं. पॉलिश तांदळाने कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो हे आइकमन यांनी जावामध्ये दाखवलं, १९२९ चं नोबेल त्यासाठीच. आपल्याकडे उकडा भात कधीपासून शिजतोय हे तुमच्या सासूबाईंना विचारा. फक्त वाटी मोजून.


गुहागरची काकू
२३ जून, रात्री ९.२०

आमच्याकडे मासा नाही, पण बीपी आहे. आमच्या ह्यांना अकरा वर्षं झाली. त्यामुळे जे लिहिते ते हात पोळून घेतल्यावरचं आहे.

मिठाचा चोर मला पहिली तीन वर्षं सापडलाच नाही. आमटीत मीठ कमी, भाजीत कमी, तरी बीपी हटेना. मग एक दिवस मिठाच्या पाकिटावर तारीख घातली. आम्ही तेव्हा चार माणसं होतो, किलोचं पाकीट २३ दिवसांत संपलं. भागून बघितलं, माणशी जवळजवळ ११ ग्रॅम रोज. जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सपाट एक चमचा, दिवसाचं सगळं मिळून. आणि ह्या ११ ग्रॅममध्ये लोणचं-पापड धरलेलेच नव्हते, ते मेमध्येच करून झालेले! तू आजच पाकिटावर तारीख घाल. तुम्ही पाच जण, ५ ग्रॅमने किलोभर मीठ ४० दिवस पुरायला हवं. तुझं किती दिवस जातं ते कळलं की वाद मिटतो.

पापडात पापडखार असतो. मीठ नसला तरी सोडियम त्यातही आहेच. लोणच्याची फोड धुऊन खाता येत नाही, ती बंदच केली.

आणि तुझं आगळ! सहा बाटल्या म्हणालीस. रतांब्याचा रस टिकतो तो मिठामुळेच, ती बाटली म्हणजे आंबट मिठवणी आहे. तू सोलकढीत वरून मीठ घालत नसशील आणि म्हणत असशील की बिनमिठाची केली. मीही तसंच म्हणायचे. आमसुलंसुद्धा नेहमीची असतात ती मीठ घातलेल्या रसात बुडवून वाळवलेली. मी आता दर वर्षी दोन किलो रतांब्यांची सालं नुसती वाळवते, मीठ नाही, रसाचे पुट नाहीत. रंग जरा फिका येतो आणि पावसात बुरशी धरू नये म्हणून कडकडीत वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी लागतात. दहा-बारा सालं कोमट पाण्यात अर्धा तास, हाताने कुस्करायची, गाळायची. स्टील किंवा काचेच्या भांड्यातच, ॲल्युमिनियमला आंबट लावू नये. यंदा रतांबे संपले असतील तर बाजारात बिनमिठाची कोकमं म्हणून विचार, मिळतात.

चवीचं म्हणशील तर आंबट आणि सुवास हे मिठाची जागा बरीचशी भरून काढतात. मीठ शिजताना नको, उतरवल्यावर घाल, जिभेला कमी मिठातही तेवढंच जाणवतं. आणि एकदम निम्मं करू नकोस, तिथे तुझं चुकलं. दर आठवड्याला थोडं थोडं. महिना-दीड महिन्यात जीभ वळते. आमच्या ह्यांना आता बाहेरची आमटी खारट लागते.


देवगडकर
२४ जून, सकाळी ११.३०

तारलीचं कौतुक वाचून बरं वाटलं, एक सावधगिरी जोडतो. ऑगस्टमध्ये बोटी सुरू झाल्या की घाईत बर्फाशिवाय फिरलेला बांगडा घेऊ नका. गेल्या वर्षी आम्ही दारावर आलेला घेतला, दिसायला ठीक होता, कढी केली. अर्ध्या तासात माझं तोंड लाल, कानातून वाफा, अंगभर खाज. मला वाटलं ॲलर्जी झाली, आता जन्मात बांगडा नाही. डॉक्टरांनी सांगितलं की बांगडा, ट्यूना अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन जास्त असतं, मासा गरम राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते एकदा झालं की उकळून, तळून जात नाही. नंतर बर्फातला ताजा बांगडा खाल्ला, काही झालं नाही. वयस्कर माणसाला असं झालं आणि बीपी खाली-वर झालं तर अवघड, म्हणून लिहिलं.

आबांना युरिक ॲसिडचा त्रास असेल तर तारली आणि बांगडा बेताने, हेही विचारून घ्या.


आचऱ्याची सून
२४ जून, रात्री ११.१०

सगळ्यांना हात जोडून नमस्कार. दादा, तुमचा अंदाज खरा. आबा रोज सकाळी एक शहाळं पितात, कधी दोन. आज कुडाळला जाऊन रक्त दिलं. पोटॅशियम ५.४ आलं, वरची मर्यादा त्या कागदावर ५.१ आहे. डॉक्टरांनी ते मीठ बंद केलं, शहाळं सध्या बंद, दहा दिवसांनी पुन्हा तपासणी. मी ते पाकीट उघडलं आणि दहा दिवस माझ्याच हाताने घातलं, हे मनातून जात नाही. वन्संना रात्री फोन केला, त्याही रडल्या.

आंब्यांचं विचारलंत. मे महिन्यात जेवणानंतर तीन-चार हापूस रोज. आमच्याकडे ते कोणी मोजत नाही. दारू घेत नाहीत.

आणि मीठ कुठे कुठे जातं ते आज लक्ष देऊन बघितलं. मे महिन्यात मी बांगडा तळत होते तो असा: साफ केल्यावर हळद-मीठ लावून ठेवायचा, मग आगळ आणि मसाला, मग रव्यात पुन्हा चिमूटभर मीठ. तीन वेळा. आईने शिकवलं तसंच करत आले, कधी मोजलंच नव्हतं. काकू, आज पाकिटावर तारीख घातली.


आचऱ्याची सून
१९ ऑगस्ट, सायंकाळी ७.३०

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, म्हणून कळवायला आले.

दहा दिवसांनी पोटॅशियम ४.६ आलं. बीपी गेल्या आठवड्यात १३८/८४. ट्रायग्लिसराईड उपाशीपोटी तपासलं, १९५. डॉक्टरांना फिश ऑइलचं विचारलं, ते म्हणाले गरज नाही, मासा खातात तेवढा पुरे. गार्सिनियाची बाटली परत पाठवली.

पहिलं पाकीट २१ दिवसांत संपलं, दुसरं ३४ दिवस गेलं. पहिल्यात माशाला चोळून धुऊन टाकलेलं मीठही होतं, तरीही आकडा बघून आमचे हे गप्पच झाले.

आबांच्या जेवणाचं सांगते. खारा बांगडा आठवड्यातून एकदा, दांड्यावरच्या ताईंनी सांगितलं तसा तीन पाण्यांतून काढून. पहिल्यांदा त्यांनी वास घेतला आणि काही न बोलता खाल्ला. इतर रात्री पेजेबरोबर जवळा, कधी कुळथाची पिठी, त्यात लसूण जास्त आणि दोन बिनमिठाची सोलं. आगळाच्या चार बाटल्या उघडल्याच नाहीत, त्या मी पाहुण्यांना दिल्या. कढीचं गणित बसायला मात्र वेळ लागला. शेवटी जमलं ते असं. वाटपात खोबरं पूर्वीच्या निम्मं, त्याची दाटी भरायला भाजलेला कांदा आणि चमचाभर धणे जास्त. तिरफळं आठ-दहा, बिया काढून ठेचलेली, कढी उकळल्यावरच घालायची म्हणजे वास उडत नाही. मीठ गॅस बंद केल्यावर. माशाला आधी मीठ लावायचंच नाही, फक्त हळद आणि सोलाचं पाणी. तळण महिन्यातून एकदा, बाकी केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर, झाकण घालून मंद आचेवर. पानाला लागलेला मसाला आबा बोटाने पुसून खातात.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी गेल्या. काल जेटीवरून तारली आणली, बर्फातलीच. तिखलं केलं. आबा पानावर बसले, पहिला घास घेतला, आणि मी दारातच उभी राहिले. ते म्हणाले, "तिरफळां आपल्या झाडाची मा?" मी हो म्हटलं. मग त्यांनी भात परत घेतला.

आता एकच विचारायचं राहिलं. ताई, पुढच्या वर्षी बांगडे खारवताना मीठच कमी घातलं तर? अर्ध्या मिठात टिकतील का?


दांड्यावरची
२० ऑगस्ट, सकाळी ६.००

नाही टिकणार बाय, असं अजिबात करू नकोस. कमी मिठात मासा आतून कुजतो, वरून कळत नाही, आणि ते खाल्लं तर बीपीपेक्षा वाईट. मीठ पुरतं घाल, बांगडे कमी घाल. दोन डब्यांच्या जागी अर्धा डबा. बाकी जवळा आणि बोंबील बिनमिठाचे भर. मेमध्ये आमच्याकडे ये, वाळवणावर तुझ्या डोळ्यांदेखत सुकवलेले देते. आबांक सांग, दांड्यावरसून इलेत म्हणान.